व्हाझँची उघडी पाठ: लुडविग्सहाफेन, २७ मे १९१५

पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच विमानदलाचा विषय निघाला की गप्पा गिनेमेर, फाँक आणि स्पॅड विमानांकडे वळतात. ती युद्धाच्या उत्तरार्धातली माणसं आणि यंत्रं. त्याआधी, १९१४ च्या हिवाळ्यापासून १९१५ च्या शरदापर्यंत, फ्रेंच सेनापतींची आकाशातली मोठी भिस्त होती ती बाँबफेकीवर. तीही व्हाझँसारख्या बायप्लेनवर, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या अशा विमानावर, ज्याचं इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे होतं. २७ मे १९१५ ची जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनवरची स्वारी हा त्या प्रयोगाचा कळस. पुढच्या चार-पाच महिन्यांत हीच गोष्ट दिवसाउजेडी करणं फ्रेंचांना अशक्य झालं. माझं मत आधीच सांगून टाकतो: ही स्वारी इतकी सुरळीत पार पडली, म्हणूनच विमानातला मूळ दोष वेळेवर दिसला नाही.

लक्ष्य लुडविग्सहाफेनच का?

२२ एप्रिल १९१५ च्या संध्याकाळी बेल्जियममध्ये ईप्र शहराच्या उत्तरेला जर्मनांनी क्लोरीन सोडला. दीडशे टनांहून जास्त वायू, खंदकात आधीपासून पुरून ठेवलेल्या हजारो सिलिंडरांतून, सुमारे सहा किलोमीटरच्या आघाडीवर. वाऱ्याच्या तोंडी सापडल्या त्या फ्रेंच टेरिटोरियल (वयस्कर राखीव सैनिकांच्या) आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्या तुकड्या. हल्ल्यामागची कल्पना रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांची. क्लोरीन पुरवणाऱ्यांत अग्रभागी होता तो ऱ्हाइनकाठच्या लुडविग्सहाफेनचा रंगांचा अवाढव्य कारखाना, बाडिशे आनिलीन उंड सोडा फाब्रिक, म्हणजेच आज आपल्याला माहीत असलेली बीएएसएफ.

त्याला लागूनच उत्तरेला ओपाऊ. तिथे १९१३ पासून हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवला जात होता. ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीमुळे चिलीहून येणारा सोरा बंद झाला होता, आणि सोऱ्याशिवाय स्फोटकं बनत नाहीत. त्यामुळे १९१५ मध्ये ओपाऊचं महत्त्व झपाट्याने वाढत होतं. खरं तर जर्मनीच्या दृष्टीने क्लोरीनपेक्षा हा अमोनिया कितीतरी मोलाचा होता. फ्रेंच जनतेला मात्र उत्तर हवं होतं ते विषारी वायूचं. सूड आणि युद्धनीती एकाच पत्त्यावर राहत असल्याने निवड सोपी झाली.

आणखी एक गोष्ट फ्रेंचांच्या पथ्यावर पडली. लुडविग्सहाफेन चुकणं कठीण आहे. ऱ्हाइन आणि नेकर या नद्यांचा संगम, संगमापाशी मानहाइम, समोरच्या काठावर लुडविग्सहाफेन, आणि नदीला चिकटून काही किलोमीटर पसरलेला कारखाना. त्या काळी वैमानिकाजवळ होकायंत्र आणि नकाशा याखेरीज फारसं काही नसे. नदी हाच रस्ता आणि नदी हाच पत्त्याचा फलक.

यंत्र

हे काम ज्या विमानाकडे गेलं ते व्हाझँ ३. गाब्रिएल व्हाझँ हा फ्रान्सच्या अगदी पहिल्या विमान कारखानदारांपैकी एक. त्याचा भाऊ आणि भागीदार शार्ल १९१२ मध्ये मोटार अपघातात गेला होता. गाब्रिएलला देखणी विमानं बनवण्याची हौस नव्हती. व्हाझँचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, जमिनीवर उभं राहायला चार चाकं, समोर टबासारखी एक कोठडी, तिच्यात पुढे वैमानिक आणि त्याच्यामागे निरीक्षक. त्याच्याही मागे १२० अश्वशक्तीचं, पाण्याने थंड होणारं साल्मसों इंजिन आणि मागून ढकलणारा पंखा. त्यामागे उघड्या नळ्यांच्या चौकटीवर शेपूट. पंखांचा विस्तार पावणेपंधरा मीटरच्या आसपास. कमाल वेग ताशी १०५ ते ११० किलोमीटर, तोही ओझं नसताना.

लाकडी सांगाड्याची विमानं पावसात फुगत, उन्हात वाकडी होत. व्हाझँ उघड्यावर ठेवली तरी टिके आणि नांगरलेल्या शेतातही उतरे. लष्कराला ती आवडली यात नवल नाही. १९१४ च्या ऑक्टोबरात फ्रेंच मुख्यालयात विमानदल सांभाळणारे मेजर बारेस आणि पॅरिसमधले जनरल हिर्शोअर यांनी विमानांच्या प्रकारांची खोगीरभरती छाटून मोजकेच ठेवले, तेव्हा बाँबफेकीचं खातं व्हाझँला मिळालं.

इंजिन मागे ठेवण्याचं कारण मूर्खपणाचं नव्हतं, हे इथे स्पष्ट करायला हवं. समोर पंखा नसला की निरीक्षकाला पुढे आणि खाली मोकळं दिसतं, आणि मशीनगन सरळ समोर रोखता येते. ५ ऑक्टोबर १९१४ ला रान्स शहराजवळ सार्जंट फ्रांत्झ आणि त्याचा मेकॅनिक केनो यांनी याच प्रकारच्या विमानातून हॉचकिस मशीनगनने एक जर्मन आव्हिआटिक पाडलं. विमानाने विमान गोळ्या घालून पाडण्याची ही पहिली नोंद मानली जाते. केनोची मशीनगन ऐन वेळी अडकली आणि त्याने रायफल उचलून काम पुरं केलं. म्हणजे इतिहासातला हा पहिला हवाई विजय ज्याला आपण आज बॉम्बर म्हणतो त्या विमानाचा आहे. या विजयाने एक समज पक्का झाला: व्हाझँ स्वतःचं रक्षण स्वतः करू शकते. शत्रू समोर असेल तर करू शकत होती, हे खरंच.

मागून ढकलणारी फ्रेंच बायप्लेनं तेव्हा जगभर पसरली होती. आपल्याशी त्यांचा एक धागा जुळतो. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढणाऱ्या ६ व्या पुणे डिव्हिजनला १९१५ मध्ये जी पहिली विमानं मिळाली ती याच घडणीची मोरिस फार्मां होती. उडवणारे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारतीय सैन्यातले अधिकारी. तिथल्या शमाल वाऱ्याचा वेग कधीकधी विमानाच्या वेगापेक्षा जास्त असे, आणि फार्मां पूर्ण जोर लावूनही मागे सरके. पुढे तिथल्याच कुत शहराच्या वेढ्यात याच डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी उपाशी अडकल्या, तेव्हा एप्रिल १९१६ मध्ये आकाशातून त्यांच्यासाठी धान्य टाकायचा प्रयत्न झाला. त्यात फार्मां आणि व्हाझँ विमानंही होती. पुरेसं धान्य अर्थातच पोचलं नाही. इतक्या अशक्त यंत्रांकडून लोक काय काय अपेक्षा करत होते, एवढंच यातून घ्यायचं.

वजनाचं गणित

व्हाझँचं रिकामं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, भरल्यावर १,३७० च्या जवळ. म्हणजे उचलायला उरले साधारण ४२० किलो. त्यात जाड कातडी कपड्यांतली दोन माणसं, हॉचकिस, गोळ्या आणि पेट्रोल. विमानांच्या तळाजवळचं नान्सी शहर ते लुडविग्सहाफेन हे अंतर सरळ रेषेत १९० किलोमीटरच्या आसपास भरतं. जाऊन-येऊन आणि वळसे धरून चारशे. ओझ्यासह ताशी सत्तर-ऐंशीने गेलं तर पाच ते सहा तास. तेवढं पेट्रोल आणि तेल भरलं की बाँबसाठी फार काही शिल्लक राहत नाही.

आणि बाँब तरी कसले? तोफेचे गोळेच, शेपटीला पत्र्याचे पंख जोडलेले. बहुतेक ९० मिलिमीटरचे, थोडे १५५ चे. या स्वारीतल्या सगळ्या अठरा विमानांनी मिळून नेलेलं ओझं एका टनाच्या घरात होतं. दुसऱ्या महायुद्धातलं एकटं लँकेस्टर विमान याच्या कितीतरी पट नेत असे. आकडे शेजारी ठेवले की हसू येतं, पण १९१५ मध्ये शत्रूच्या घरात शिरून टनभर गोळे टाकणं ही नवलाईच होती.

नेम धरण्याचंही असंच. दोन हजार मीटर उंचीवरून सोडलेला गोळा, हवेचा अडथळा सोडून दिला तर, वीस सेकंदांत जमिनीवर येतो. ताशी शंभरने जाणारं विमान तेवढ्यात साडेपाचशे मीटर पुढे सरकतं. म्हणजे लक्ष्याच्या अर्धा किलोमीटर आधीच हात सोडायचा, आणि वाऱ्याचा अंदाज चुकला तर गोळा दुसऱ्याच गल्लीत. म्हणून लक्ष्य मोठं हवं होतं. काही किलोमीटर लांबीचा कारखाना त्या दृष्टीने आदर्श.

गट आणि त्याचा नेता

नोव्हेंबर १९१४ मध्ये व्हाझँच्या तीन तुकड्या एकत्र करून पहिला बाँबफेक गट, फ्रेंच आद्याक्षरांनी जीबी १, उभा राहिला. तीन तुकड्या, प्रत्येकी सहा विमानं. प्रमुख मेजर लुई द गॉइस. डिसेंबरच्या ४ तारखेला गटाने फ्रायबुर्गच्या रेल्वे स्थानकावर पहिला हल्ला केला.

द गॉइसने केलेलं मोठं काम संघटनेचं. तोवर एखाददुसरं विमान उडायचं, जमेल तिथे गोळा टाकायचं आणि परतायचं. अनेक विमानं एकाच लक्ष्यावर एकाच वेळी पोचवायची, तर उड्डाणाचा क्रम, हवेत जमण्याची जागा, परतीचा रस्ता, सगळं आधी ठरवावं लागतं. हे त्याने बसवलं. तो स्वतः निरीक्षकाच्या जागेवरून मोहिमेत जात असे. गटप्रमुखाने जमिनीवर थांबून वाट पाहण्याचा रिवाज तेव्हा रुजला नव्हता, आणि त्याची किंमत लवकरच मोजावी लागली.

ती सकाळ

२७ मे ला पहाटे तीनच्या सुमारास नान्सीला खेटून असलेल्या माल्झेव्हिलच्या पठारावरून अठरा व्हाझँ उडाल्या. उजाडता उजाडता आघाडी ओलांडायची म्हणजे जर्मन तोफखान्याला नेम धरायला कमी वेळ मिळतो, असा हिशेब. पुढे बराच वेळ खाली तोफा नव्हत्या की वर विमान. सकाळी ताफा ऱ्हाइनवर पोचला आणि लुडविग्सहाफेन व ओपाऊ या दोन्ही ठिकाणी गोळे पडले. फ्रेंच निवेदनात आगींचे उल्लेख आहेत. जवळजवळ सहा तासांनी विमानं परतली.

सतरा परतली. अठरावं द गॉइसचं होतं. इंजिनाने दगा दिला, विमान जर्मन हद्दीत उतरवावं लागलं आणि गटाचा प्रमुख कैद झाला. त्याच्याबरोबर त्याचा वैमानिक एतिएन ब्युनो-व्हारिया. पनामा कालव्याच्या राजकारणात गाजलेल्या फिलिप ब्युनो-व्हारिया यांचा हा मुलगा, १९०९ च्या रान्सच्या विमान मेळाव्यात स्वतःच्या व्हाझँसह उतरलेला. सहा वर्षांनी त्याच कारखान्याच्या विमानाने त्याला कैदेत नेऊन सोडलं. द गॉइस पुढे निसटून फ्रान्सला परतला आणि पुन्हा बाँबफेकीच्या कामात रुजू झाला.

एकच विमान गेलं, तेही यंत्रातल्या बिघाडाने. शत्रूने अठरांपैकी एकही पाडलं नाही. मुख्यालयात हा आकडा कसा वाचला गेला असेल याची कल्पना करणं अवघड नाही. दिवसाउजेडी, कुणाच्या सोबतीशिवाय, तळापासून जवळजवळ दोनशे किलोमीटरवर शत्रूच्या मुलुखात जाऊन परत येता येतं, असा त्याचा अर्थ लागला.

दुसरा अर्थही लागू शकत होता. त्या दिवशी व्हाझँच्या मागे कोणी आलंच नाही. १९१५ च्या मे महिन्यात जर्मनांकडे मागून येऊन समोर गोळ्या झाडणारं विमान आघाडीवर जवळपास नव्हतंच. परीक्षेत ज्या धड्यावर प्रश्नच आला नाही त्या धड्यात फ्रेंचांनी स्वतःला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

हाती काय लागलं?

कारखाना बंद पडला नाही. इमारतींचं नुकसान झालं, माणसं मेली, पण टनभर गोळ्यांनी एवढं मोठं आवार ठप्प होणं शक्यच नव्हतं. ईप्रला लागलेला क्लोरीन आधीच बनून गेला होता आणि पुढचाही बनत राहिला.

परिणाम झाला तो वेगळ्याच ठिकाणी. जर्मनीला अमोनियाचा दुसरा मोठा कारखाना हवा झाला तेव्हा तो ऱ्हाइनकाठी न बांधता देशाच्या मध्यभागी, मेर्सेबुर्गजवळ लॉयना इथे बांधायचं ठरलं. जवळची कोळशाची खाण हे एक कारण होतं. फ्रेंच विमानांच्या टप्प्याबाहेर असणं हेही कारण होतं. १९१६ मध्ये काम सुरू होऊन १९१७ च्या एप्रिलमध्ये तिथलं उत्पादन सुरू झालं. ऱ्हाइनपर्यंत पोचणाऱ्या बायप्लेनांच्या धाकाने एवढा कारखाना देशाच्या आत सरकावा, ही माझ्या मते बाँबफेकीची त्या वर्षांतली सगळ्यात ठोस कमाई.

उन्हाळ्याचा चढ

मे महिन्याच्या यशानंतर वेग वाढला. १५ जूनला २३ व्हाझँ कार्ल्सरूहवर गेल्या. कारण सांगितलं गेलं ते पॅरिस आणि लंडनवरच्या जर्मन हल्ल्यांचं. या वेळी लक्ष्य कारखाना नव्हता, शहरच होतं. तीसेक माणसं मेली. स्वीडनची राणी, मूळची बाडेनची राजकन्या, तेव्हा तिथल्या राजवाड्यात होती, त्यामुळे तटस्थ देशांतही ओरड झाली. फ्रेंचांची दोन विमानं परतली नाहीत.

आणखी बाँबफेक गट उभे राहिले आणि माल्झेव्हिलचं पठार गजबजलं. २५ ऑगस्टला सार खोऱ्यातल्या डिलिंगेनच्या लोखंडाच्या कारखान्यावर साठाहून अधिक विमानं एकाच दिवशी गेली. तोवर जगात कुणीही एवढी विमानं एका लक्ष्यावर पाठवली नव्हती.

सूडाच्या बाँबफेकीबद्दल मुख्यालयात दुमत होतं, आणि ते रास्तही होतं. जर्मन विमानांना पॅरिस आघाडीपासून हाकेच्या अंतरावर होतं, नान्सी तर तोफेच्या टप्प्यात. फ्रेंचांसाठी बर्लिन कुठल्या कुठे. शहराला शहर असा हिशेब लावला तर तोटा फ्रान्सचाच होता.

मागून आलेलं विमान

१८ एप्रिल १९१५ ला फ्रेंच वैमानिक रोलां गारो बेल्जियममध्ये जर्मन हद्दीत उतरला आणि कैद झाला. त्याच्या मोरान-सोल्निए विमानाच्या पंख्यावर पोलादी पाचरी बसवल्या होत्या, पात्यावर आदळणारी गोळी बाजूला उडवण्यासाठी. ही युक्ती कामचलाऊ होती, तरी तिने गारोला काही विजय मिळवून दिले होते. जर्मनांनी ते विमान त्यांच्यासाठी विमानं बनवणाऱ्या डच आंतोन फोकरला दाखवलं. फोकरच्या लोकांनी वेगळी वाट काढली: इंजिनच बंदुकीचा घोडा सांभाळेल, आणि पातं नळीसमोर असताना गोळी सुटणारच नाही. फ्रान्समध्ये रेमाँ सोल्निएने युद्धाआधीच अशी जुळणी करून पाहिली होती. काडतुसं उशिरा पेटण्याच्या कटकटीमुळे ती बाजूला पडली होती.

उन्हाळ्यात फोकर आइंडेकर आघाडीवर आलं. एका पंखाचं, एका माणसाचं, ८० अश्वशक्तीचं. वेग ताशी १३० च्या आसपास. तसं पाहिलं तर सामान्यच विमान. पण ते व्हाझँपेक्षा वीस-पंचवीस किलोमीटरने वेगवान होतं, आणि वैमानिक ज्या दिशेला नाक करील त्या दिशेला गोळ्या जात होत्या. त्याने व्हाझँच्या मागे यायचं आणि जवळ येईपर्यंत थांबायचं. व्हाझँच्या निरीक्षकाला मागे वळून गोळी झाडायची तर आड येणार इंजिन, फिरता पंखा आणि शेपटीची चौकट. ज्या रचनेने १९१४ मध्ये पहिला हवाई विजय मिळवून दिला, त्याच रचनेने १९१५ मध्ये पाठ उघडी टाकली.

फोकरची संख्या सुरुवातीला अगदी थोडी होती. पण दूरवर जाणाऱ्या ताफ्यात कुणाचं ना कुणाचं इंजिन कुरकुरतंच. ते विमान मागे पडतं, उंची गमावतं, आणि नेमकं तेच सापडतं. २७ मे ला द गॉइसच्या इंजिनाने दगा दिला तेव्हा मागे कुणी नव्हतं, म्हणून तो जिवंत उतरला. सप्टेंबरमध्ये तोच बिघाड झाला असता तर उतरायला वेळ मिळाला नसता. जर्मनांनी ऱ्हाइनकाठच्या शहरांभोवती तोफाही वाढवल्या आणि रक्षणासाठी विमानंही ठेवली.

उपाय शोधताना

पहिला उपाय मोठ्या बंदुकीचा. व्हाझँ ४ च्या नाकावर ३७ मिलिमीटरची हॉचकिस तोफ बसवून ती ताफ्याबरोबर पाठवायची. तोफ भयंकर होती, जमिनीवरच्या लक्ष्यांसाठी उपयोगीही. पण विमान तेच, मंद, आणि तोफ पुन्हा पुढेच. मागून येणाऱ्या फोकरला तिच्याकडे पाहण्याचीही गरज नव्हती. हा उपाय कुणी गांभीर्याने पुढे रेटला, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

दुसरा उपाय एकत्र उडण्याचा. बेलफोर्टकडून फार्मां विमानांनी हल्ले करणारा कॅप्टन फेलिक्स हाप याचा भर पाचरीच्या आकारात, दाटीने उडण्यावर होता: पुढच्या विमानाची पाठ मागच्याची बंदूक राखेल. विचार अगदी बरोबर होता आणि पुढच्या युद्धातल्या शेकडो बॉम्बरांच्या ताफ्यांनी तोच उचलला. अडचण एवढीच की पाचरीतल्या शेवटच्या विमानांची पाठ राखायला कुणी नसे, आणि वेगवेगळ्या दमाची इंजिनं एका ओळीत ठेवणं हे वाऱ्यावर ताफा बांधण्याइतकं अवघड होतं. हाप स्वतः मात्र असा धडाडीचा की जर्मनांनी त्याच्या डोक्यावर इनाम लावल्याची कथा प्रसिद्ध आहे.

तिसरा उपाय लढाऊ विमानांची सोबत. इथे न्यूपोर आलं. गुस्ताव दलाजने शर्यतीच्या विमानावरून बेतलेलं न्यूपोर ११, ज्याला सैनिक ‘बेबे’ म्हणत, १९१६ च्या सुरुवातीला तुकड्यांत पोचलं. वरचा पंख रुंद, खालचा अगदी अरुंद आणि एकाच दांड्याचा. पंख्याच्या वरून गोळी जावी म्हणून लुईस मशीनगन वरच्या पंखावर. ८० अश्वशक्तीत ताशी दीडशेच्या पुढे वेग, आणि फोकरपेक्षा चपळ. व्हर्दंच्या लढाईत मेजर द रोझ यांनी लढाऊ विमानांच्या तुकड्या एका हाताखाली आणून फोकरांना हटवलं ते याच विमानाच्या बळावर.

पण बाँबफेकीच्या सोबतीला न्यूपोर कामाचं नव्हतं. ते हवेत दोन-अडीच तास राहू शके. लुडविग्सहाफेनची फेरी सहा तासांची. शिवाय व्हाझँच्या चालीने उडायचं तर न्यूपोरला सतत घिरट्या घालाव्या लागत आणि असलेलं पेट्रोलही वाया जाई. फ्रेंचांकडे उत्तम लढाऊ बायप्लेन होतं आणि दूर जाणारं बॉम्बर बायप्लेनही होतं. दोघं एकत्र जाऊ शकत नव्हती.

राहिला रात्रीचा उपाय. १९१५ च्या सप्टेंबरात शांपान्यच्या मोठ्या चढाईसाठी बाँबफेक गट आघाडीमागच्या स्थानकांवर वापरले गेले. त्यानंतर दूरचे दिवसाचे हल्ले आटत गेले आणि व्हाझँ हळूहळू रात्रीचं विमान झाली. अंधारात फोकरचा धाक नाही. पण अंधारात कारखानाही दिसत नाही. म्हणून लक्ष्यं बदलली: सार, लोरेन आणि लक्झेंबर्गमधल्या लोखंडाच्या भट्ट्या रात्री आपोआप उजळतात, त्या निवडल्या गेल्या. म्हणजे लक्ष्य कोणतं हे युद्धनीतीपेक्षा भट्टीच्या उजेडावर ठरू लागलं.

दिवसाच्या हल्ल्यांचा मोह तरी पूर्ण सुटला नाही. २२ जून १९१६ ला दोन इंजिनांच्या कोद्रों जी ४ बायप्लेनांनी कार्ल्सरूहवर पुन्हा हल्ला केला. रेल्वे स्थानक हे लक्ष्य. नकाशा जुना होता. स्थानक १९१३ मध्येच दुसरीकडे हललं होतं. जुन्या जागेजवळ त्या दिवशी सर्कशीचा तंबू उभा होता. १२० माणसं मेली, त्यांतली ७१ मुलं. लुडविग्सहाफेनला नदीने बोट धरून जागेवर नेलं होतं. नदी नसलेल्या शहरात त्याच पद्धतीने काय होतं ते इथे दिसलं.

१२ ऑक्टोबर १९१६ ला ओबर्नडॉर्फच्या माउझर रायफल कारखान्यावर फ्रेंच फार्मां आणि ब्रेगे-मिश्लाँ विमानं ब्रिटिश नौदलाच्या सॉपविथ विमानांसह गेली. फ्रेंच विमानं पुन्हा मागे इंजिन असलेलीच! सोबतीच्या न्यूपोरांमध्ये सगळी वाट पुरेल इतकं इंधन नव्हतं. नुकसान इतकं झालं की दिवसाच्या दूरच्या मोहिमेसाठी ही घडण पुन्हा कुणी सुचवली नाही. लुडविग्सहाफेन ते ओबर्नडॉर्फ, जवळजवळ दीड वर्ष. एवढा काळ का लागला याचं एक साधं कारण: कारखाने याच विमानांची जोडणी करत होते, वैमानिक यांवरच शिकले होते, आणि नवं यंत्र मागायचं तर आधी असलेल्याची संख्या घटेल अशी प्रत्येक अधिकाऱ्याला धास्ती होती.

इंजिन पुढे आलं तेव्हा

लुई ब्रेगेचं ब्रेगे १४ नोव्हेंबर १९१६ मध्ये पहिल्यांदा उडालं. ३०० अश्वशक्तीचं रेनो इंजिन पुढे, वैमानिक त्याच्यामागे, आणि शेवटी पाठ पुढे करून बसलेला निरीक्षक, त्याच्या हाती जोड-लुईस. सांगाड्यात ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूचा भरपूर वापर. वेग ताशी १८० च्या जवळ, बाँब अडीचशे किलोच्या आसपास. १९१८ मध्ये फ्रेंचांच्या हवाई डिव्हिजनने या विमानांचे दाट ताफे दिवसाउजेडी लढाईवर सोडले. तीन माणसांचं, दोन इंजिनांचं कोद्रों आर ११ त्यांच्या सोबतीला असे, आणि ते ताफ्याबरोबर जाऊन परत येऊ शकत होतं. व्हाझँही संपली नव्हती. तिच्या ८ आणि १० क्रमांकाच्या थोराड बहिणी युद्ध संपेपर्यंत रात्री उडत राहिल्या.

ब्रेगेंना मात्र ऱ्हाइनपलीकडच्या कारखान्यांपेक्षा रणांगणाजवळच्या पुलांवर आणि सैन्यावर जास्त पाठवलं गेलं. मानहाइम-लुडविग्सहाफेनचं काम १९१८ मध्ये ब्रिटिशांच्या इंडिपेंडंट फोर्स या बाँबफेकी दलाने घेतलं. त्यांचे तळ नान्सीच्याच परिसरात होते. विमान डीएच ९: इंजिन पुढे, मागे तोंड करून बसलेला बंदूकवाला. २२ ऑगस्ट १९१८ ला १०४ क्रमांकाची स्क्वॉड्रन मानहाइमवर गेली आणि त्या एका फेरीत तिने सात विमानं गमावली.